विश्लेषण : ‘४४३’चे ‘४७८७३’ कसे होतात? संगणकातील बाइटक्रमाचा घोळ काय आहे?

‘पंचवीस’ म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो, मग वीस. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. नियम सर्वांना ठाऊक असल्याने गोंधळ होत नाही. संगणकांमध्येही आकडे ठेवण्याचे असे दोन क्रम आहेत. ते जुळवायला प्रोग्रामर विसरला, तर आकडाच बदलतो आणि अनेकदा चुकीचा संदेशही दिसत नाही.

बाइटक्रम म्हणजे काय?

मेमरीच्या एका घरात एक बाइट, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. त्याहून मोठी संख्या अनेक घरांत विभागली जाते. ४४३ ही संख्या दोन बाइटांत १ आणि १८७ अशी बसते (१ गुणिले २५६, अधिक १८७). मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवला तर ‘बिग-एंडियन’, लहान किमतीचा आधी ठेवला तर ‘लिटल-एंडियन’.

ही नावे आली कुठून?

जोनाथन स्विफ्ट यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये अंडे मोठ्या टोकाकडून फोडायचे की लहान, यावरून तंटा होतो. संगणकतज्ज्ञ डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजीच्या टिपणात ही नावे बाइटक्रमाच्या वादाला दिली. कोणताही क्रम चालेल, पण सर्वांनी एकच पाळा, हे त्यांचे म्हणणे होते.

मग एकच पद्धत का नाही?

दोन्हींना आधार आहे. बिग-एंडियन आपल्या लिखाणासारखी आहे. लिटल-एंडियन कागदावरच्या बेरजेसारखी. एकं स्थानापासून सुरुवात करायची आणि हातचा पुढे न्यायचा. इंटेल, एएमडीचे संगणक आणि आजचे जवळपास सर्व स्मार्टफोन लिटल-एंडियन आहेत. आयबीएमचे मेनफ्रेम बिग-एंडियन आहेत. इंटरनेटच्या मूळ नियमांनीही बिग-एंडियनच स्वीकारली. तिला ‘नेटवर्क बाइट ऑर्डर’ म्हणतात.

घोळ नेमका कुठे होतो?

सुरक्षित संकेतस्थळे साधारणपणे ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतात. तुमच्या फोनच्या मेमरीत तो १८७, १ असा असतो. नेटवर्कवर जाताना तो १, १८७ असा व्हायला हवा. प्रोग्रामर हे विसरला तर समोर १८७ गुणिले २५६, अधिक १, म्हणजे ४७८७३ वाचले जाते. पत्ता बरोबर, पण दार भलतेच ठोठावले जाते.

मराठी मजकुरालाही झळ बसते?

हो. युनिकोडमध्ये ‘अ’चा क्रमांक २३०९ आहे. यूटीएफ-१६ या पद्धतीत तो ९ आणि ५ असा साठवतात. क्रम उलटला की ५ आणि ९ मिळून रशियातील कोमी भाषेचे एक सिरिलिक अक्षर दिसते. हे टाळण्यासाठी फाइलच्या सुरुवातीला क्रम सांगणारी खूण ठेवता येते. वेबवर रुळलेल्या यूटीएफ-८ मध्ये मात्र हा प्रश्नच येत नाही.

उपाय काय?

डेटा आत येताना आणि बाहेर जाताना, फक्त सीमेवर, एकदाच क्रम बदलायचा. सी भाषेत त्यासाठी तयार फंक्शन आहेत. मात्र दोनदा बदल केला की आकडा पुन्हा मूळ क्रमात येतो. म्हणूनच लिनक्सच्या कर्नेलमध्ये दोन्ही क्रमांच्या संख्यांसाठी वेगळे प्रकार असून, त्यांची सरमिसळ ‘स्पार्स’ हे साधन पकडते. फाइलबाबतही क्रम आधीच ठरलेला हवा: पीएनजी चित्रे बिग-एंडियन, तर झिप फाइल लिटल-एंडियन.

बहुतेक यंत्रे एकाच पद्धतीची असताना काळजी कशाला?

कारण त्यामुळेच चूक लपते. दोन लिटल-एंडियन संगणकांवर दोन्हीकडे बदल करायचा राहिला, तरी आकडा बरोबर पोहोचतो. चाचणी उत्तीर्ण होते, प्रोग्राम वर्षानुवर्षे चालतो. तिसरे, वेगळ्या क्रमाचे यंत्र जोडले की मग घोळ उघड होतो. अ‍ॅपलने २००६ मध्ये मॅक संगणक पॉवरपीसीवरून इंटेलवर नेले, तेव्हा प्रोग्रामरांना आपल्या कोडमध्ये हा क्रम पुन्हा तपासावा लागला. आज ‘क्यूईएमयू’सारख्या मोफत साधनाने साध्या लॅपटॉपवरही बिग-एंडियन यंत्राचे सोंग आणून चाचणी घेता येते. ‘माझ्या संगणकावर तर चालते’ एवढ्यावर भागत नाही, ते यासाठीच.