फायबरग्लासच्या फिरत्या घराची निगा

घर चाकांवर घेऊन प्रवासास निघण्याची कल्पना आपल्याकडे आता नवलाची राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच स्वीकारले. अशा काही गाड्यांचे बाह्यांग लोखंडी पत्र्याचे नसून फायबरग्लासचे, म्हणजे काचेचे तंतू पॉलिएस्टर राळेत बसवून घडविलेले असते. ते हलके असते आणि गंजत नाही. परंतु जे गंजत नाही त्याची निगा राखावी लागत नाही, असा जो समज रूढ आहे तो मात्र चुकीचा आहे.

या कवचाचा डोळ्यांस दिसणारा भाग म्हणजे जेलकोट नावाचा रंगीत राळेचा थर होय. त्याची जाडी साधारणपणे अर्धा मिलिमीटर असते. काचतंतूंचे पाण्यापासून व उन्हापासून रक्षण करण्याचे काम हाच थर करतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयुक्त क्रियेने राळेच्या लांब रेणुशृंखला पृष्ठभागी तुटत जातात, रंगद्रव्याचे कण सुटे होतात आणि तकाकी जाऊन पांढुरकी भुकटी उरते. खिडकीबाहेर अनेक उन्हाळे काढलेल्या फायबरग्लासच्या कूलरवरून तळहात फिरवून पाहावा. हाताला खडूसारखे जे लागते ते हेच.

पॉलिश केल्याने तकाकी परत येते, हे खरे. परंतु ती येते कशी, हे समजून घेतले पाहिजे. पॉलिश नवा थर चढवीत नाही. खराब झालेला थर खरवडून खालचा निरोगी थर उघडा करते. दर वेळी त्या अर्ध्या मिलिमीटरमधून थोडा अंश खर्च होतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. म्हणून पॉलिश क्वचित करावे लागेल अशी व्यवस्था ठेवणे, हेच निगेचे खरे मर्म आहे.

रायपूरच्या रहिवाशाला ही व्यवस्था अधिक दक्षतेने ठेवावी लागते. मे महिन्यात येथील पारा कधी कधी ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. शिवाय सिलतरा व उरला या औद्योगिक वसाहतींत स्पंज लोहाचे व पोलादाचे कारखाने आहेत, आणि त्या बाजूच्या काळ्या धुळीचा परिचय शहरवासीयांना चांगलाच आहे. गाडीवर बसलेली अशी धूळ कागदावर झटकून कागदाखालून लोहचुंबक फिरवावा. त्यासरशी हलणारे कण लोहयुक्त होत. दव किंवा पावसाचे पाणी मिळताच लोहकण गंजतात आणि फायबरग्लासवर नारिंगी ठिपके उमटतात. मालक बुचकळ्यात पडतो, कारण न गंजणारी वस्तू गंजलेली दिसते!

अशी धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. कण घासले जाऊन ओरखडे पडतात. सकाळी, सावलीत, प्रथम भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी. नंतर सौम्य साबणाचे पाणी व मऊ फडके घेऊन छपरापासून खाली धूत यावे. बोअरचे पाणी जड असल्यास ते अंगावर वाळू देऊ नये. क्षारांचे डाग पडलेच, तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने ते निघतात. केरोसीनने पुसून चमक आणण्याची रीत त्याज्य आहे. ती चमक म्हणजे तेलाचा पातळ लेप असून धूळ त्यावर अधिकच चिकटते. खिडक्या ॲक्रिलिकच्या असल्यास त्यांना स्पिरिट वा ॲसिटोन मुळीच लावू नये, त्यांत बारीक तडे जातात.

गंजाच्या ठिपक्यांवर ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण गुणकारी ठरते, कारण ते गंजातील लोहाशी संयोग पावून विद्राव्य संयुग बनविते. हे आम्ल विषारी आहे; हातमोजे व चष्मा घालावा, मुलांना दूर ठेवावे, आणि डाग जाताच जागा पुष्कळ पाण्याने धुवावी.

आता पॉलिशची गरज आहे की नाही, ते कसे ठरवावे? मंद झालेली जागा ओली करून पाहावी. ओली असताना ती तेजस्वी दिसली, तर दोष केवळ वरवरचा आहे. पृष्ठभागावरील सूक्ष्म खळगे पाण्याने भरल्यामुळे प्रकाश विखुरला जात नाही, इतकेच. अशा वेळी बारीक कंपाउंड पुरेसे होते. यंत्र वापरल्यास ते सतत हलते ठेवावे. कडा व उंचवटे यांवर विशेष सावध राहावे, कारण तेथे जेलकोट लवकर घासला जातो. रंगाची छटा बदलू लागली किंवा तंतूंची वीण दिसू लागली, तर तत्क्षणी थांबावे. उघड्या पडलेल्या तंतूंच्या कडेने पाणी आत शिरते. तेथे पॉलिशचा उपयोग नाही, नवा जेलकोटच लावावा लागतो. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो, म्हणून त्यात मेणाचे द्रावण मिसळतात किंवा तो घट्ट होईपर्यंत प्लॅस्टिकच्या कागदाने झाकतात.

पॉलिशनंतर मेणाचा अथवा कृत्रिम बहुवारिकाचा लेप द्यावा. कार्नोबा मेण ८० अंशांच्या वर वितळते, तथापि कडक उन्हात त्याचा लेप काही महिन्यांतच विरतो. रायपुरात एक लेप फेब्रुवारीच्या अखेरीस, उन्हाळ्यापूर्वी, आणि दुसरा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात द्यावा. लेप शाबूत असता पाणी मण्यांसारखे थेंब धरते. ते पसरून राहू लागले की लेप संपला असे समजावे. गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असेल तर छपराखाली ठेवणे उत्तम. ते शक्य नसल्यास हवा खेळू देणारे कापडी आच्छादन घालावे, तेही गाडी धुऊन वाळविल्यावरच. आच्छादनाखाली राहिलेली धूळ वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर घासत राहते.