०.२ की २०%? पायथॉनमध्ये मार्जिन नीट कसं दाखवायचं

हा विषय दिसायला कोडिंगचा आहे, पण खरं तर गल्ल्याचा आहे.

आपल्या उल्हासनगर कॅम्प पाचच्या जीन्सचंच उदाहरण घेऊ. समजा एक जीन्स होलसेलमध्ये ४८० रुपयांना घेतली, ६०० ला विकली. नफा १२०. खरेदीवर काढलात तर १२० भागिले ४८०, म्हणजे ०.२५. विक्रीवर काढलात तर १२० भागिले ६००, म्हणजे ०.२. पहिला मार्कअप, दुसरं मार्जिन. दोन्ही बरोबरच, पण काम वेगळं. "आपल्याला २५ टक्के सुटतात" म्हणून सेलमध्ये २५% डिस्काउंटचा बोर्ड लावला, तर तीच जीन्स ४५० ला जाते. पीसमागे ३० रुपये खिशातून! भाडं, लाइट बिल अजून धरलेलंच नाही. त्यामुळे कशाने भागायचं ते आधी ठरवा, टक्क्याचं चिन्ह नंतर.

आता कोड. मोबाइलवर गूगल कोलॅब उघडलं तरी चालेल. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीतही ठेवता येतं, म्हणून आपण 'नफादर' ठेवू. फक्त आकडे इंग्रजी टाका. प्रिंटच्या कंसात एफ अक्षर, मग अवतरण चिन्हं, त्यांच्या आत महिरपी कंस. त्या कंसात नफादर, लगेच कोलन, टिंब, एक आणि टक्क्याचं चिन्ह. झालं, स्क्रीनवर २०.०% येईल. शंभरने गुणायचं काम पायथॉन स्वतः करतो. टिंब आणि एक विसरलात तर २०.०००००० असे सहा शून्यं लावलेले टक्के दिसतील.

बरेच जण स्वतःच शंभरने गुणतात आणि इंट लावून पूर्णांक करतात. हे टाळा. ०.२९ गुणिले १०० केलं की पायथॉन २८.९९९९९९९९९९९९९९६ देतो, कारण कॉम्प्युटर दशांश बायनरीत साठवतो. त्याला इंट लावलं की २९ चे सरळ २८ होतात.

उलटी गडबडही होते. जीएसटीचा दर १८ असा साठवून वर टक्क्याचं फॉरमॅट लावलं, तर बिलावर १८००% छापून येतं. गिऱ्हाईक हसेल! दर ०.१८ असाच साठवा. आणि फॉरमॅट केल्यावर जे हातात येतं ते अक्षरं असतात, आकडा नाही. त्याच्यावर पुढे गणित होत नाही, म्हणून हिशोब सगळा दशांशात करा आणि टक्के शेवटच्या ओळीत दाखवा.

एकच्या जागी किती घालायचं? जीन्सच्या मार्जिनला एक पुरे. पण ०.००४ सारखं बारीक कमिशन शून्य घातलं तर ०% दिसेल, फुकट असल्यासारखं. तिथे दोन घाला, ०.४०% दिसेल.

तुमच्या दुकानातल्या पाच आयटमचं मार्कअप आणि मार्जिन शेजारी शेजारी प्रिंट करून बघा. अडलं तर कमेंटमध्ये विचारा.