अजरखमधली तुरटी, लोखंड आणि पाणी

अजरखचे कापड दाखवताना आपल्या पेठेतले बहुतेक दुकानदार ‘झाडपाल्याचा रंग आहे’ एवढे सांगून मोकळे होतात. नीळ झाडाची, मंजिष्ठाही झाडाची, हे कबूल. (मंजिष्ठेच्या जागी आता सर्रास कारखान्यात बनलेले अलिझरीन वापरतात, ते मात्र कोणी सांगत नाही.) पण हा रंग कापडाला धरून ठेवतात ती खनिजे. आम्ही कापडवाले माल मीटरवर मोजतो आणि हीच गोष्ट विसरतो.

कच्छचे खत्री कारागीर कोरे सुती कापड आधी एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवतात, धुतात, मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. त्यावर पहिला ठसा चुना आणि डिंकाचा. जिथे चुना बसला तिथे पुढचा रंग चढत नाही, पांढरी रेघ राहते. काळ्यासाठी भंगारातले लोखंड, गूळ आणि बेसन पाण्यात घालून काही आठवडे आंबवतात. ते पाणी चिंचोक्याच्या पिठात शिजवून त्याची खळ करतात. हिरड्याशी लोहाची गाठ पडली की कापड काळे होते. लोह जास्त झाले तर कापड कुजते. जुन्या छापील कापडात काळा भाग आधी विरलेला दिसतो, त्याचे कारण हेच.

लाल रंग तुरटीचा. तुरटी स्वतः बेरंग असते, म्हणून ठसा दिसावा यासाठी तिच्यात थोडा गेरू मिसळतात. नीळेच्या हौदात जाण्यापूर्वी लाल भागावर माती, डिंक व तुरटीचा लगदा छापून तो झाकतात. शेवटी सगळे कापड अलिझरीनच्या एकाच कढईत उकळते. कढई एक, पण तुरटीवर लाल येतो आणि लोहावर काळा. चुन्याने राखलेली रेघ पांढरीच राहते. हुन्नर म्हणतात तो हा!

या सगळ्यात पाण्याचा वाटा मोठा. सिंधमधून आलेले खत्री सोळाव्या शतकात धमडका गावी वसले ते सारण नदीच्या पाण्यामुळे. पुढे नदी आटली, विहिरींवर काम चालू लागले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने गाव जमीनदोस्त झाले आणि भूगर्भातल्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. घर पुन्हा बांधता येते, पण लोहाच्या पाण्यात तुरटीचा लाल रंग मळकट येतो, त्याला काय करणार? अनेक कुटुंबांनी भुजजवळ पाणी पाहून जमीन घेतली आणि अजरखपूर वसवले. काही धमडक्यातच राहिली. या कामात पुढे असलेले इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

कच्छच्या अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बाजारात स्क्रीनवर छापलेला माल अजरख म्हणून खपतोच. स्क्रीनचा माल विकण्यात गुन्हा नाही, गरीब गिऱ्हाइकालाही नक्षी हवी असते. पण एका नावाने दोन माल विकले की कारागिराचा भाव पडतो आणि आपल्या जबानीची किंमतही जाते. घेताना ठशांचे सांधे पाहावेत. हाताच्या ठशात कुठेतरी केसभर फरक सापडतोच. उलट बाजूही पाहावी, कारण उंची अजरख दोन्ही बाजूंनी छापलेले असते. बिलावर ‘हातठसा’ की ‘स्क्रीन’ हे लिहून घ्यावे.

आणखी एक. प्रत्येक टप्प्यानंतर कापड धुऊन उन्हात वाळवावे लागते, त्यामुळे पावसाळ्यात काम रेंगाळते. दिवाळीचा माल हवा असेल तर मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी, आणि बयाणा सोबत द्यावा. तुरटी आणि नीळ त्या कारागिराला रोखीनेच घ्यावी लागते.