गतिशील मॉड्यूल (वेब सर्व्हर)

वेब सर्व्हरच्या मूळ आज्ञावलीत कायमची गुंफलेली नसून स्वतंत्र संचिकेत ठेवलेली आणि सर्व्हर सुरू होताना स्मृतीत आणली जाणारी पुरवणी म्हणजे गतिशील मॉड्यूल होय. व्यवहारात तिला प्लगइन असेही म्हणतात. अपाचे एचटीटीपी सर्व्हर हे या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

पार्श्वभूमी

अपाचे सर्व्हर १९९५ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट थाऊ यांनी त्याची रचना मॉड्यूलांमध्ये विभागली. मात्र ही विभागणी लिखित संहितेपुरतीच होती. एखादी लहानशी सोय वाढवायची, तरी संपूर्ण सर्व्हर पुन्हा कंपाइल करावा लागे. १९९८ मधील १.३ या आवृत्तीपासून मॉड्यूल वेगळ्या संचिकेतून भरण्याची सोय झाली. तयार आज्ञावलींचे संच वितरित करणाऱ्यांना तिचा विशेष लाभ झाला, कारण एकच सर्व्हर सर्वांना देऊन ज्याला जे हवे ते त्याने जोडावे, हे आता शक्य झाले. सर्व्हरची संपूर्ण मूळ संहिता हाताशी नसतानाही बाहेरचे मॉड्यूल तयार करता यावे, यासाठी ‘एपीएक्सएस’ हे साधन पुरवले जाते.

कार्यपद्धती

मॉड्यूल भरण्याचे काम ‘मॉड-एसओ’ हे मॉड्यूल करते. ते स्वतः मात्र सर्व्हरमध्येच कंपाइल केलेले असावे लागते; आतून दार उघडणारा आधीच घरात हवा, हे उघड आहे. मांडणी-संचिकेत ‘लोडमॉड्यूल’ या आदेशापुढे मॉड्यूलचे नाव आणि त्याच्या संचिकेचा मार्ग दिलेला असतो. युनिक्सवर्गीय प्रणालींत ‘डीएलओपन’ हे फलन ती संचिका चालू प्रक्रियेच्या स्मृतीत आणते आणि ‘डीएलसिम’ तिच्यातील ठरलेल्या रचनेचा पत्ता शोधते. विनंतीच्या कोणत्या टप्प्यावर आपल्याला बोलवावे, याची नोंद मॉड्यूल त्या रचनेच्या द्वारे करते.

ही देवाणघेवाण दुतर्फी असते. मॉड्यूलही सर्व्हरची फलने वापरते. म्हणून सर्व्हरने आपली नावे बाहेर दिसतील अशी ठेवावी लागतात. नावे जुळवण्याच्या या कामामुळे सर्व्हर सुरू होण्यास सुमारे २० टक्के अधिक वेळ लागतो, असे अपाचेच्या दस्तऐवजात म्हटले आहे.

सुसंगती

सर्व्हरमधील एखाद्या रचनेत क्षेत्रांचा क्रम बदलला, तर जुने मॉड्यूल भलत्याच जागेचे मूल्य वाचू लागते आणि चूक लगेच दिसेलच असे नाही. हे टाळण्यासाठी प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक ‘मॅजिक’ क्रमांक नोंदलेला असतो. तो सर्व्हरच्या अपेक्षेशी विसंगत असल्यास मॉड्यूल नाकारले जाते. २.२ साठी तयार केलेले मॉड्यूल २.४ साठी पुन्हा कंपाइल करावे लागते, ते यामुळेच.

मर्यादा व धोके

मॉड्यूल वेगळ्या संचिकेत असले, तरी एकदा भरल्यावर त्याच्या आणि सर्व्हरच्या दरम्यान कोणतीही भिंत उरत नाही. पुरवणीतील एक चुकीचा पॉइंटर ती प्रक्रिया बंद पाडू शकतो. अधिक गंभीर बाब अशी, की ८० सारखे पोर्ट मिळवण्यासाठी अपाचेची मूळ प्रक्रिया बहुधा ‘रूट’ अधिकारांनी सुरू होते आणि मॉड्यूलही तीच भरते. त्यामुळे मॉड्यूलांच्या फोल्डरमध्ये ज्याला लिहिता येते, त्याच्या हाती पुढील आरंभाच्या वेळी संपूर्ण यंत्र जाऊ शकते. या फोल्डरचे लेखनाधिकार पासवर्डाइतकेच जपणे आवश्यक ठरते.

बदल करतानाही दक्षता लागते. सौम्य पुनरारंभात मूळ प्रक्रिया मांडणी पुन्हा वाचून मॉड्यूले नव्याने भरते, तर जुन्या उपप्रक्रिया हातातील विनंती पूर्ण करून मगच थांबतात. या काळात जुनी संचिका वापरात असते. तिच्यावरच नवा मजकूर उतरवल्यास लिनक्सवर चालू प्रक्रिया कोसळू शकतात. नवी संचिका वेगळ्या नावाने ठेवून नंतर नामांतराने जुनीच्या जागी आणणे सुरक्षित असते.

अन्य सर्व्हर

एनजिन-एक्समध्ये ही सोय बरीच उशिरा, फेब्रुवारी २०१६ मधील १.९.११ या आवृत्तीत आली. तेथील सुसंगतीची अट अधिक कडक असून मॉड्यूल नेमक्या त्याच आवृत्तीसाठी तयार केलेले असावे लागते. फास्टसीजीआय पद्धतीत पूरक आज्ञावली स्वतंत्र प्रक्रियेत चालते. ती कोसळली तरी सर्व्हर सहसा सुरू राहतो, मात्र प्रत्येक विनंतीसाठी दोन प्रक्रियांमध्ये माहितीची ने-आण करावी लागते.