पायीं कीं गाडीनें? : अँडीज पर्वतांतील प्रवासाची निवड

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत सुमारें ७,००० किलोमीटर पसरलेली अँडीज ही जमिनीवरील सर्वांत लांब पर्वतरांग होय. वेनेझुएलापासून चिली-अर्जेंटिनाच्या टोंकापर्यंत सात देश तिच्या अंगाखांद्यावर वसले आहेत. परंतु तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या मनांत प्रथम येतें तें पेरू देशांतील माचू पिक्चू, म्हणजे इन्का लोकांनीं पंधराव्या शतकांत डोंगराच्या खांद्यावर बांधलेलें नगर. तेथें जाण्याचा बेत ठरला कीं घरांत पहिला वाद उभा राहतो तो वाटेचा. तरुण मंडळींना चार दिवस तंबूंत राहून, वाटाड्याबरोबर डोंगर चढत जावयाचें असतें. वडील मंडळींना आगगाडी, मोटार आणि रात्रीं धड अंथरूण हवें असतें. शेवटीं ज्यांचे पाय बळकट त्यांनीं पायीं जावें आणि बाकीच्यांनीं गाडीनें, असा निवाडा होतो.

हा निवाडा दिसावयास सरळ असला तरी त्याच्या मुळाशीं एक चुकीची समजूत आहे. अँडीजमध्यें नवख्या प्रवाशाला आडवें करते ती चढण नव्हे, तर उंची. आणि पायीं आलेला कोण व गाडींत बसून आलेला कोण, हा भेद उंचीला ठाऊक नसतो.

श्रोत्यांपैकीं कित्येकजण कळसूबाईवर जाऊन आले असतील. महाराष्ट्रांतील तें सर्वांत उंच शिखर ५,४०० फुटांचें आहे. प्रवासी जेथें विमानांतून उतरतात तें कुस्को शहरच मुळीं ११,००० फुटांहून वर वसलेलें आहे. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी कुस्कोचे रस्ते तिच्याहून वरच राहतील! समुद्रकांठच्या लिमाहून विमान ही सारी चढण सव्वा-दीड तासांत चढून जातें. कुस्कोच्या हवेंत प्राणवायूचें प्रमाण मुंबईइतकेंच, म्हणजे शेंकडा एकवीस असतें. परंतु हवेचा एकंदर दाबच मुंबईच्या दोन-तृतीयांशांवर आलेला असल्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर आंत जाणारा प्राणवायु तेवढ्या मानानें घटतो.

ही तूट भरून काढण्याची शक्ति शरीरांत आहे. श्वास जलद होतो, मूत्रपिंडें रक्तांतील क्षारांचा तोल बदलूं लागतात, आणि पुढें कांहीं आठवड्यांनीं तांबड्या पेशीहि वाढतात. मात्र ह्या कामाला दिवस लागतात, आणि सहलीच्या छापील कार्यक्रमांत ते दिवस बहुधा नसतात. पुरेसा अवधि न मिळाल्यास डोकें दुखतें, मळमळतें, झोंप लागत नाहीं. क्वचित् प्रसंगीं फुप्फुसांत पाणी सांचतें किंवा मेंदूला सूज येते, आणि मग प्राणावर बेततें. अशा वेळीं भरंवशाचा उपाय एकच : रुग्णाला विलंब न लावतां खालीं नेणें. धट्टेकट्टेपणा येथें कामास येत नाहीं. उलट तालीमबाज तरुण दमत नाहीं म्हणून झपाट्यानें वर जातो, आणि आजारी पडतो. ह्यासाठींच जाणत्या वैद्यांनीं एक साधा नियम घालून दिला आहे. १०,००० फुटांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा दररोज १,६०० फुटांहून अधिक वर नेऊं नये, व तीन-चार दिवसांनीं एक दिवस मुक्काम हलवूं नये.

हा नियम हातीं घेऊन तथाकथित सोप्या सहलींकडे पाहिलें म्हणजे मोठी मौज दिसते. दक्षिण पेरूमधील अरेकिपा हें सुमारें ७,६०० फुटांवरचें शहर. तेथून कोल्का दरी पाहावयास बसगाड्या निघतात. दहा फूट पंखांचे काँडोर पक्षी सकाळच्या उबेबरोबर दरींतून वर येतात, तो देखावा पाहण्यासाठीं पुष्कळ लोक जातात. वाटेंत पातापाम्पा नांवाची खिंड लागते, ती १६,००० फुटांहून उंच आहे. म्हणजे बसच्या खिडकीपाशीं शाल गुंडाळून बसलेल्या आजीबाई आल्प्समधील माँ ब्लाँच्या शिखराहूनहि वर जातात, आणि तेंहि न्याहारी व दुपारचें जेवण ह्यांच्या मधल्या वेळांत! त्याच दरींत पायीं उतरणारालाहि तेथवर पोंचण्यासाठीं बहुधा हीच खिंड ओलांडावी लागते. परंतु पुढें काबानाकोन्दे गांवाहून त्याची वाट तीन हजार फुटांहून अधिक खालीं उतरते, आणि रात्रीं तो दाट हवेंत झोंपतो. त्याला त्रास होतो तो उन्हाचा, आणि परतीच्या उभ्या चढणीचा. कुस्कोहून एका दिवसांत होणारी विनिकुन्का ह्या रंगीत पट्ट्यांच्या डोंगराची सहल तर ह्याहून फसवी. गेल्या दहा-बारा वर्षांत तिची फार प्रसिद्धि झाली आहे. तिला 'सहल' म्हणतात, पण डोंगराचें टोंक १६,५०० फुटांवर आहे, आणि पहांटे निघालेल्या मंडळींत आदल्याच दिवशीं विमानांतून उतरलेले लोकहि असतात.

आतां ज्या पायवाटेचें नांव ऐकून वडील मंडळी बिचकतात ती पाहावी. कुस्कोच्या रेल्वेमार्गावरील ८२ व्या किलोमीटरपाशीं इन्का वाटेची पदयात्रा सुरू होते. लांबी सुमारें ४३ किलोमीटर, मुदत चार दिवस. दुसऱ्या दिवशीं लागणारी वार्मिवान्युस्का खिंड १३,८०० फुटांवर आहे. क्वेचुआ भाषेंत ह्या नांवाचा अर्थ 'मेलेली बाई' असा होतो. दुरून ती डोंगरधार निजलेल्या स्त्रीसारखी दिसते म्हणून हें नांव पडलें. परंतु मुक्काम कोठें पडतात हें पाहिलें पाहिजे. सामान्यतः पहिली रात्र दहा हजार फुटांच्या आसपास जाते, दुसरी पावणेबारा हजारांवर, आणि तिसरी नऊ हजारांच्याहि खालीं. तीन रात्रींपैकीं दोन रात्री प्रवासी कुस्कोच्या हॉटेलापेक्षां खालीं निजतो. कुस्कोच्या परिसरांत दोन-तीन दिवस आधीं काढलेल्या माणसाला उंचीच्या दृष्टीनें ही वाट बऱ्याच मोटारसहलींहून सौम्य आहे. येथें कस लागतो तो गुडघ्यांचा. खिंडीनंतर आणि पुन्हा तिसऱ्या दिवशीं दगडी पायऱ्यांची जी उतरण लागते ती संपतां संपत नाहीं. राजगड-तोरण्याच्या वाटांवर ज्यांनीं पाय झिजवले आहेत त्यांना तिचें वेगळें वर्णन नको.

ह्या वाटेवर परवानाधारक वाटाड्यावांचून जातां येत नाहीं. दिवसाला एकंदर पांचशें माणसांनाच प्रवेश मिळतो. त्यांत वाटाडे, आचारी व हमाल धरलेले असल्यामुळें प्रवाशांच्या वांट्याला सुमारें दोनशें जागा येतात. परवाना पारपत्रावरील नांवानें निघतो, दुसऱ्याच्या नांवावर फिरत नाहीं, आणि कोरड्या ऋतूंतील, म्हणजे मे ते सप्टेंबरच्या, जागा कित्येक महिने आधींच संपतात. फेब्रुवारींत पावसामुळें वाट बंदच असते. जागा संपल्यावर सहलवाले साल्कान्ताय पर्वताकडील वाट पुढें करतात आणि "तीहि तशीच" म्हणून सांगतात. ती सुंदर आहे ह्यांत शंका नाहीं, पण तशीच मात्र नाहीं. तिची खिंड १५,००० फुटांवर आहे, आणि पहिलाच मुक्काम पुष्कळदां कुस्कोहून बराच उंच पडतो. ह्या बदलाला होकार देण्यापूर्वीं मुक्कामांच्या उंचीची यादी मागून घ्यावी.

वाटाड्याची पारख त्याच्या सनावळींवरून करूं नये. एखादा आजारी पडला तर तें तो कशावरून ओळखतो, बरोबर प्राणवायूची नळी आहे काय, आणि आजाऱ्याला खालीं नेण्यासाठीं कोण मागें फिरणार, हे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वीं विचारावे. हेच प्रश्न मोटारसहलवाल्यांनाहि विचारले पाहिजेत, आणि नेमके तेथेंच ते कोणी विचारीत नाहीं. पदयात्रेंत एका वाटाड्याच्या नजरेखालीं थोडीं माणसें असतात, तीं त्याच्याबरोबर जेवतात, निजतात. वीस-पंचवीसांच्या बसमध्यें शेवटच्या बांकावर कोणी मान टाकून बसला तर तो दमला असेल असेंच सर्वांना वाटतें.

प्रत्येक हॉटेलांत कोकाच्या पानांचा चहा पुढें येतो. अँडीजमधील लोकांचा तो फार जुना परिपाठ आहे, आणि तो प्याल्यानें पाहुणचाराचा मान राहतो. परंतु उंचीच्या आजारावरचें औषध म्हणून त्याचा गुण सिद्ध झालेला नाहीं. गोळ्या घ्यावयाच्या तर घरून निघण्यापूर्वीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्याव्या. आणि तीं पानें आठवण म्हणून पिशवींत घालून आणूं नयेत, कारण भारतांत १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें तीं निषिद्ध आहेत.

पदयात्रेच्या बाजूनें बोलणारे एक गोष्ट बहुधा सांगत नाहींत. दोन दिवसांच्या चालीनंतर तंबूंत गरम सूप मिळतें, तें कोणाच्या तरी पाठीवरून आलेलें असतें. इन्का वाटेवर खेंचरें, घोडे किंवा लामा नेण्यास मनाई असल्यामुळें तंबू, भांडीं, इंधन, धान्य सारें माणसेंच वाहतात. तीं माणसें बहुतेक आसपासच्या डोंगरांतील क्वेचुआ भाषा बोलणारे शेतकरी असतात. त्यांच्या ओझ्याला पूर्वीं धरबंध नव्हता. २००१ च्या कायद्यानें २० किलोंची मर्यादा घातली, आणि वाटेच्या नाक्यावर ओझीं काट्यावर चढवलीं जाऊं लागलीं. तरीहि हमालांना निजावयास कोरडा तंबू मिळतो कीं नाहीं, जेवण पोटभर मिळतें कीं नाहीं, हें काट्यावर दिसत नाहीं. दोन सहलींच्या दरांत मोठी तफावत दिसली तर ती कोणाच्या पोटांतून काढली आहे हें अवश्य विचारावें. पुष्कळदां तिचें उत्तर येथेंच सांपडतें. स्वतःचें सामान स्वतः कमी करणें हें तर कोणाच्याहि हातचें आहे.

एवढे कष्ट करून पायीं जाणाराला असें काय दिसतें, जें गाडींतून दिसत नाहीं? त्याला रस्ता दिसतो. इन्का लोकांपाशीं घोडा नव्हता, आणि वाहतुकीसाठीं चाकहि त्यांनीं वापरलें नाहीं. तरीहि सुमारें ३०,००० किलोमीटर रस्त्यांचें जाळें त्यांनीं अँडीजभर विणलें. २०१४ सालीं सहा देशांनीं मिळून ह्या जाळ्याची जागतिक वारशांत नोंद करून घेतली. हे रस्ते माणसाच्या आणि लामाच्या पायांसाठीं होते, म्हणून चढ आला कीं ते वळसा घालीत बसत नाहींत, सरळ पायऱ्या होतात. निरोपे जासूद एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत धांवत जात, आणि पुढचा जासूद तेथून निरोप घेऊन सुटे. चार दिवसांच्या वाटेवर रुन्कुराकाय, सायाकमार्का, विन्याय वायना अशीं एकामागून एक ठिकाणें लागतात, आणि शेवटीं इन्ती पुन्कू, म्हणजे सूर्यद्वार, ह्या खिंडींतून माचू पिक्चू एकदम खालीं दिसतें. तेथें उभ्या असलेल्या माणसाला तें नगर एकटें वाटत नाहीं. एका लांब ओळींतलें तें शेवटचें घर वाटतें.

गाडीनें येणारा उरुबाम्बा नदीच्या घळींतून तळाशीं येतो, आणि नागमोडी रस्त्यानें बस त्याला वर नेते. त्यानें त्याबद्दल ओशाळण्याचें कारण नाहीं. २४ जुलै १९११ रोजीं अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम जेव्हां तेथें पोंचले तेव्हां तेहि नदीकांठच्या रस्त्यानेंच आले होते, आणि मेल्चोर आर्तेआगा ह्या स्थानिक शेतकऱ्यानें दाखवलेल्या वाटेनें वर चढले होते. वर गेल्यावर त्यांना तेथें शेती करणारीं कुटुंबें भेटलीं. 'शोध' ह्या शब्दाचें माप त्यावरून घ्यावें. शिवाय चार दिवस चालून आलेला प्रवासी पुष्कळदां इतका थकलेला असतो कीं ज्या नगरासाठीं आला त्याला तो दोन तासहि नीट देत नाहीं. ताजेतवाने आलेले लोक तेथील दगडी सांधे निरखीत बसतात, आणि वांचलेल्या दिवसांत पिसाक, ओयान्तायताम्बो, कुस्कोच्या भिंती, तितिकाका सरोवर हेंहि पाहतात. मात्र आगगाडी म्हणजे निर्धास्तपणा असें समजूं नये. जानेवारी २०१० मध्यें पुरानें रेल्वेमार्ग तुटला, आणि हजारों प्रवासी पायथ्याच्या गांवांत अडकून पडले. तेथवर मोटाररस्ता नसल्यामुळें त्यांना हेलिकॉप्टरांनीं बाहेर काढावें लागलें.

ज्या घरांत दोन्ही मतांचीं माणसें आहेत त्यांना एक तिसरी वाट आहे, आणि बहुतेक कुटुंबांना तीच अधिक मानवेल. कुस्कोला विमानांतून उतरल्यावर शहरांत न राहतां थेट खालच्या उरुबाम्बा खोऱ्यांत जावें; तें सुमारें ९,४०० फुटांवर आहे. तेथें दोन रात्री काढाव्या, ओयान्तायताम्बोचे चिरेबंदी चौथरे सावकाश पाहावे, आणि मग सर्वांनीं एकाच आगगाडींत बसावें. कुस्को शहर प्रवासाच्या शेवटीं ठेवावें, म्हणजे तोंवर श्वास जमलेला असतो. ह्या गाडीचा एक थांबा १०४ व्या किलोमीटरपाशीं, सात हजार फुटांवर आहे. ज्यांनीं परवाना काढला असेल त्यांनीं वाटाड्याबरोबर तेथें उतरावें, नदीवरचा पूल ओलांडून चढूं लागावें, आणि विन्याय वायनाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवरून दुपारपर्यंत सूर्यद्वार गांठावें. ही चाल एका दिवसाची, सुमारें बारा किलोमीटरांची आहे. तंबू लागत नाहींत, आणि कोणाच्या पाठीवर स्वयंपाकघर चढवावें लागत नाहीं. बाकीची मंडळी त्याच गाडींतून पुढें पायथ्याच्या गांवीं जाऊन खोल्या ताब्यांत घेतात. संध्याकाळीं सर्व एकाच टेबलाशीं जेवावयास बसतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळच्या बसनें मिळून वर जातात. त्या दिवसाचीं तिकिटें मात्र आधींच काढलेलीं हवींत, कारण आतां नगरांत ठराविक वेळेला व आंखून दिलेल्या मार्गानेंच फिरतां येतें.