दादांचा आनंदवल्लीचा वाडा

गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककर सहकुटुंब सोमेश्वरचा धबधबा पाहायला निघतात. वाटेत आनंदवल्ली लागते. बंगले, सोसायट्या, मेडिकल, चहाच्या टपऱ्या. शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले, हे आता ओळखू येत नाही. रस्ता सोडून नदीकडे वळले की नवशा गणपतीचे देऊळ. चतुर्थीला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतल्या कुणाला ‘इथला राजवाडा कुठे आहे हो?’ असे विचारून पाहा. बहुतेक जण तुमच्याकडेच प्रश्नार्थक पाहतील.

राजवाडा होता, आणि तोही राघोबादादांचा. अटकेपार झेंडे लावणारे म्हणून ज्यांचा अभिमान बाळगायचा आणि ‘काका, मला वाचवा’ आठवले की ज्यांच्या नावाने बोटे मोडायची, तेच हे रघुनाथराव पेशवे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकी कालविभागणीत १८१८पर्यंतचा काळ ‘मध्ययुगीन’ म्हणतात. त्या हिशेबाने हा वाडा अगदी उतरत्या मध्ययुगातला.

गावाचे जुने नाव चावंडस. लोकांच्या तोंडी ते चांधसही होते. पानिपतानंतर थोरले माधवराव गादीवर बसले आणि काका-पुतण्यात दौलतीवरून तेढ पडली. १७६२मध्ये आळेगावला काकांनी पुतण्याचा पराभव केला, पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला दोघे खांद्याला खांदा लावून निजामाशी लढले, आणि त्यानंतर दादा रुसून गोदाकाठी आले. जागा हेरली ती नेमकी. नाशिक क्षेत्राचे ठिकाण, स्नानसंध्येला गंगा दारात, पुण्याच्या कारभाऱ्यांची नजर दूर आणि उत्तरेकडे जाणारी वाट जवळ. संन्याशाची भाषा बोलत राजकारण करायचे तर याहून सोयीची जागा कोणती? इथे त्यांनी वाडा बांधला आणि चावंडसचे आनंदवल्ली केले. पत्नी आनंदीबाईंवरून हे नाव पडले, असे गावात सांगतात. नवशा गणपतीची कथाही त्याच काळातली: पुत्रप्राप्तीचा नवस फळला म्हणून १७६४च्या सुमारास दादा-आनंदीबाईंनी हे देऊळ उभारले आणि वाड्याच्या पश्चिम अंगाला उभे राहिले की गणपतीचे दर्शन घडे, अशी आख्यायिका आहे. वाड्याची जागा सुचवणारा हाच काय तो दुवा, आणि तोही भाविकांनी जपलेला.

पण दादांना हा वाडा लाभला किती? १७६६मध्ये ते उत्तरेच्या मोहिमेवर गेले. फारसे काही हाती न लागता १७६७मध्ये परतले ते पुन्हा आनंदवल्लीलाच. माधवराव स्वतः काकांची समजूत घालायला इथे आले, बोलणी झाली, कर्जाच्या ओझ्याचा प्रश्न निघाला, तात्पुरता समेटही झाला. त्याला वर्ष होते न होते तोच दादांनी पुन्हा फौज जमवली. सातमाळेतल्या धोडपच्या पायथ्याशी जून १७६८मध्ये पुतण्याने त्यांना गाठले आणि पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. म्हणजे वाडा धन्याला धड लाभला तो चारेक वर्षे, त्यातही मधली मोहीम वजा जाता. ३० ऑगस्ट १७७३ला माधवरावांचे धाकटे भाऊ, पेशवे नारायणराव, यांचा खून झाला आणि पुढचे दादांचे आयुष्य पळापळीत, सुरतेच्या तहात आणि इंग्रजांच्या छावण्यांत गेले. १७८२च्या सालबाईच्या तहानंतर दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन ते कोपरगावला बसले. डिसेंबर १७८३मध्ये तिकडेच वारले.

या कहाणीतले माझ्या मते सर्वांत विलक्षण पान मात्र दादांचे नाही. आनंदवल्लीपासून नदीच्या उगमाच्या दिशेने काही किलोमीटर गेले की गंगापूर. तिथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई राहत होत्या, वाईच्या रास्त्यांची लेक. थोरला विश्वासराव पानिपतावर पडला, पाठोपाठ नवरा गेला, कारभारातल्या लुडबुडीवरून मुलाशी, माधवरावांशी, बिनसले आणि बाई गोदाकाठी येऊन राहिल्या. १७७२मध्ये थेऊरला माधवराव क्षयाने गेले. पुढच्या वर्षी नारायणराव मारले गेले, आणि त्या खुनाचा ठपका होता धाकट्या जावेवर, ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या आनंदीबाईंवर. गोपिकाबाईंच्या दारावरून वाहणारे पाणी घटकाभरात त्याच जावेच्या नावाच्या गावापाशी पोचत होते. गोपिकाबाई १७८८मध्ये वारल्या. त्यानंतर पाच वर्षांनी, एप्रिल १७९३मध्ये, नाना फडणविसांनी आनंदीबाईंना मुलांसह कोपरगावहून हलवले ते या आनंदवल्लीला. जावा-जावांची गाठ पडली नाही. एखाद्या नाटककाराने ती पाडली असती.

एव्हाना वाडा म्हणजे सोन्याचा पिंजरा झाला होता. दत्तक अमृतराव, अठरा वर्षांचा बाजीराव आणि बाप गेल्यावर जन्मलेला चिमाजी अप्पा, सगळे पहाऱ्यात. ‘ध’चा ‘मा’ खरोखर झाला की बखरकारांनी केला, हा वाद मोठा आहे. पण गुहागरजवळच्या मळणच्या ओकांची ही लेक १७९४मध्ये इथेच, कैदेतच वारली, हे खरे. त्यानंतर लवकरच मुलांची रवानगी शिवनेरीवर झाली. त्यांतला बाजीराव १७९६च्या अखेरीस पेशवा झाला आणि १८१८मध्ये राज्य घालवून ब्रह्मावर्ताला गेला.

मग वाडा गेला कुठे? तो जाळला गेला, असे गावात सांगतात. कुणी इंग्रजांचे नाव घेतात. आग लावणारा कुणीही असो, पेशवाई बांधणीचा वाडा जळायला वेळ लागत नाही. काळ्या चिऱ्यांचे जोते आणि त्यावर सगळा डोलारा सागवानाचा: खांब, तुळया, कडीपाट, जिने. एकदा पेटला की जोत्यापर्यंत खाली येणारच. शनिवारवाडा १८२८मध्ये असाच जळाला. तिथे दगडी तट होता म्हणून निदान दिल्ली दरवाजा तरी राहिला. आणि आगीतून जे वाचते ते माणसे नेतात. ओस वाड्याचे लाकूड दुसऱ्याच्या आढ्याला जाते, चिरे विहिरीला किंवा पायऱ्यांना लागतात. यात कुणाला चोरी वाटत नाही.

टिकले ते सरकार दरबारी कामाला आलेले वाडे. नाशिकच्या सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा पाहा. पेशव्यांच्या या वाड्यात इंग्रजी अमलात कचेऱ्या आल्या, १८४०मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय बरीच वर्षे तिथे होते, पोलीस ठाण्याला तर अजून त्याचेच नाव आहे. वापर होता म्हणून डागडुजी होत राहिली. दादांचा कोपरगावचा वाडाही सरकारी कचेऱ्यांमुळेच मागे राहिला. आनंदवल्लीला ना कचेरी होती ना बाजारपेठ. शेतात उभ्या असलेल्या वाड्याकडे कोण बघणार?

नाशिकला जुन्याचे वावडे आहे, असेही नाही. जुन्या मातीच्या गढीत ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१मध्ये उत्खनन करून गावाचा इतिहास सातवाहनांच्याही मागे नेऊन दाखवला. पण तिथे दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे मोलाची ठरली, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या वाड्याचा साधा नकाशाही कुणी काढला नाही. आपल्याला ‘फार जुने’ हवे असते. ‘थोडे जुने’ आपण बिल्डरला देऊन टाकतो.

आनंदवल्ली आता महापालिकेत आहे. सिंहस्थ तोंडावर आला की गोदाकाठी घाट, रस्ते, भिंती यांची कामे निघतात, आणि जेसीबी वाड्याचे जोते ओळखत नाही. काठावर खोदाई सुरू होईल तेव्हा पुरातत्त्व विभागाचा एक माणूस तिथे उभा ठेवावा. चार घडीव चिरे लागले, तर त्यांचे फोटो आणि मापे घेऊन मगच पुढचे काँक्रीट ओतावे, एवढीच विनंती.