त्वचारोगाची फेरतपासणी : महत्त्व व पूर्वतयारी

रुग्णालयाच्या वार्षिक हिशेबात बाह्यरुग्णांची संख्या, औषधांवरील खर्च आणि प्राप्त देणग्या यांचे आकडे असतात. परंतु दिलेल्या औषधाचा गुण आला किंवा नाही, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. ते फेरतपासणीतच कळते. त्वचारोगांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. म्हणून रुग्णांचे नातेवाईक व हितचिंतक यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांत भाताची लावणी सुरू झाली की दिवसचे दिवस पाय चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कपडे वाळत नाहीत आणि नायटा बळावतो. नेमक्या याच दिवसांत रोजगार बुडवून दुसऱ्यांदा रुग्णालयात येणे जिवावर येते. खाज थांबलेली असते, त्यामुळे आजार गेला असा समज होतो. प्रत्यक्षात खाज थांबल्यावरही नायट्याची बुरशी त्वचेत शिल्लक राहू शकते. औषध अर्ध्यावर सोडल्यास ती पुन्हा पसरते आणि पहिल्या भेटीचा खर्च, मग तो रुग्णाचा असो वा देणगीदाराचा, वाया जातो.

फेरतपासणीस येताना जुना केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि वापरलेली सर्व औषधे सोबत आणावीत. रिकाम्या नळ्या व गोळ्यांची पाकिटेही टाकून देऊ नयेत. शेजाऱ्याने दिलेले मलम किंवा झाडपाल्याचा लेप लावला असल्यास संकोच न बाळगता सांगावे. डॉक्टर रागावण्यासाठी नव्हे, तर निदानासाठी विचारतात. अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने नायट्याची खाज दोन दिवसांत शमते, परंतु बुरशी वाढतच राहते, डागाचे रूप बदलते आणि त्वचा पातळ होते. केंद्र शासनाने २०१८ साली अशा अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध आणले. तथापि घरातील फळीवरची जुनी नळी आजही वापरली जाते, हे आपण सर्वजण जाणतो.

तपासणीच्या दिवशी सकाळी, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, डागावर मलम, तेल, पावडर किंवा हळद लावू नये. त्वचा खरवडून बुरशीची तपासणी करावयाची असल्यास लेपामुळे निष्कर्ष चुकू शकतो. नखांचा रंग काढून यावे व कपडे सैल घालावेत. डाग येतात आणि जातात अशा आजारांत मोबाइलवर दिवसाच्या उजेडात घेतलेले, तारखेसह छायाचित्र फार उपयोगी पडते. आजार केव्हा वाढतो, कामावर कोणती रसायने हाताळली जातात, मधुमेह वा रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून आणावे. स्त्री रुग्णांनी गर्भधारणेची शक्यता असल्यास आवर्जून सांगावे. काही औषधे गर्भास घातक असतात.

खरूज असल्यास एकट्या रुग्णाने येणे पुरेसे नाही. घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत तर ती घरातच फिरत राहते. उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. म्हणून मनाने पुन्हा पुन्हा औषध न लावता डॉक्टरांना दाखवावे. कुष्ठरोगात बहुविध औषधोपचार रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने चालतो. तो शासनामार्फत मोफत मिळतो. मात्र एकही महिना चुकवू नये. बधिर चट्टा दुखत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी ते आठवड्यातून एकदाच, सांगितलेल्या वारी घ्यावे. रोज घेतल्यास जीवावर बेतू शकते. रक्ततपासणीचा अहवाल सोबत आणावा. पोटात घेण्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद करू नयेत. नवीन औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा डोळ्यांची लाली दिसल्यास फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

खर्चाच्या चिंतेने कोणी घरी थांबू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. दाखल होण्याची वेळ आल्यास शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ असावा.

आपल्या देणगीदारांपैकी अनेकांची लोणावळा, तळेगाव परिसरात हॉटेले, दुकाने व कारखाने आहेत. त्यांना एक नम्र विनंती. आपल्या कामगाराची फेरतपासणीची तारीख असेल, त्या दिवसाचा पगार कापू नये. रुग्णालयाच्या पावतीपुस्तकात ही देणगी नोंदविता येणार नाही; परंतु पूर्वी दिलेली देणगी सत्कारणी लागण्यास तिचेच साहाय्य होईल.